प्रतिपिंडाचा आकडा किडनीचे भवितव्य किती सांगतो?

आपण कळवलेली हकिकत आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर ती इथेच लक्षात येईल. आपल्या आईंचे वय ४८ आहे, त्यांना मधुमेह नाही. गेल्या मार्चमध्ये पायांवर आणि डोळ्यांभोवती सूज आली म्हणून तपासण्या केल्या, तेव्हा चोवीस तासांच्या लघवीतून ९.२ ग्रॅम प्रथिने जात होती, रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन १.९ वर आले होते, किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन मात्र ०.९ म्हणजे चांगले होते. अँटी-पीएलए२आर या प्रतिपिंडाची (अँटीबॉडीची) पातळी २१२ निघाली, बायोप्सी न करता मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी हा किडनीच्या गाळण्यांचा आजार असल्याचे निदान झाले आणि रिटुक्सिमॅब या औषधाचे एकेक ग्रॅमचे दोन डोस पंधरा दिवसांच्या अंतराने दिले गेले. आता सप्टेंबरमध्ये प्रतिपिंड १६ वर, अल्ब्युमिन २.८ वर आणि क्रिएटिनिन १.० वर आहे, पण लघवीतून अजूनही ४.८ ग्रॅम प्रथिने जात आहेत. डॉक्टर म्हणतात सुधारणा चांगली आहे, घरच्यांना ते पटत नाही, आणि भावकीतल्या कोणीतरी शेजारच्या गावातून किडनीच्या पुड्या आणायला सुचवले आहे. त्यातच आपल्या मावशीच्या २४ वर्षांच्या मुलीला ल्युपस हा शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटण्याचा आजार आहे. तिचे डीएसडीएनए प्रतिपिंड वर्षभर वाढलेलेच आहे, लघवी मात्र स्वच्छ आहे, आणि तिचे डॉक्टर औषध वाढवायला तयार नाहीत.

आपला प्रश्न असा आहे की एकीचे प्रतिपिंड उतरले पण लघवी बिघडलेली, दुसरीचे प्रतिपिंड चढलेले पण लघवी चांगली, आणि दोन्ही डॉक्टर निश्चिंत. मग यांतला कोणता आकडा किडनीचे पुढचे सांगतो? कोल्हापुरात इतकी वर्षे मूत्रपिंडविकाराचे रुग्ण पाहताना मला हा प्रश्न अनेकांनी तुकड्यातुकड्याने विचारला आहे, पण एकाच घरातल्या दोन उलट्या रिपोर्टांमुळे आपल्याला तो पूर्ण पडला आहे. माझे उत्तर असे की दोन्ही डॉक्टरांचे बरोबर आहे. प्रतिपिंड हा शब्द एक असला तरी प्रत्येक आजारात त्याचे वजन वेगळे असते. मेम्ब्रेनसमध्ये ते आजाराचे मूळच असल्यामुळे पुढचे बरेच काही आधी सांगून जाते. ल्युपसमध्ये ते अनेक साक्षीदारांपैकी एक असते. आणि रक्तवाहिन्यांच्या काही आजारांत त्याच्या पातळीपेक्षा त्याची जात अधिक महत्त्वाची ठरते.

आईंच्या आजारापासून सुरुवात करतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी आपल्या असंख्य पायांनी विळखा घालून बसलेल्या असतात, आणि या पायांमधल्या फटींतून पाणी जाते पण प्रथिने अडतात. पीएलए२आर हे याच पेशींच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन आहे. काही माणसांत शरीराची संरक्षण यंत्रणा त्यालाच परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, ती प्रतिपिंडे गाळणीच्या पडद्याखाली साचतात, तिथे कॉम्प्लिमेंट नावाची यंत्रणा जागी होते आणि गाळणी गळू लागते. उंदरांमध्ये असा आजार १९५९ सालीच घडवून दाखवला गेला होता, परंतु माणसातले मुख्य लक्ष्य कोणते हे समजायला त्यानंतर पन्नास वर्षे लागली. २००९ मध्ये लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांच्या गटाने पीएलए२आर शोधून काढले. इतर कोणत्याही कारणाविना झालेल्या मेम्ब्रेनसच्या शंभर रुग्णांपैकी सत्तर ते ऐंशी जणांच्या रक्तात हे प्रतिपिंड सापडते, आणि ज्यांना हा आजार नाही त्यांच्यात ते जवळजवळ कधीच सापडत नाही. बायोप्सी न करता आईंवर उपचार सुरू झाले याची रुखरुख आपल्या पत्रात जाणवली. प्रथिने मोठ्या प्रमाणात जात आहेत, क्रिएटिनिन चांगले आहे आणि हे प्रतिपिंड स्पष्टपणे आढळले आहे, अशा रुग्णात निदानासाठी सुई टोचलीच पाहिजे असे नाही, हे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही मान्य केलेले आहे. तेव्हा ती रुखरुख मनातून काढून टाकावी.

आता प्रतिपिंडाचा आकडा उतरूनही लघवीतून प्रथिने का जातात? आपण कागलकडचे आहात, तेव्हा गुऱ्हाळ आपण पाहिलेलेच असणार. चुलवणात चिपाडे घालणे थांबवले तरी काहील लगेच निवत नाही, रस बराच वेळ रटरटत राहतो, आणि त्या वेळी काहिलीकडे पाहणाऱ्या माणसाला जाळ अजून चालूच आहे असे वाटू शकते. प्रतिपिंड हा जाळ आहे आणि लघवीतील प्रथिने ही काहिलीची उष्णता आहे. रिटुक्सिमॅब प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशी नष्ट करते, त्यामुळे नवा पुरवठा आटतो, पण रक्तात आधीच असलेली प्रतिपिंडे संपायला काही आठवडे ते काही महिने लागतात. त्यानंतर गाळणीखाली साचलेला थर हळूहळू निघून जावा लागतो आणि विस्कटलेले पोडोसाइटचे पाय पुन्हा जागेवर यावे लागतात. हे काम महिन्यांचे, कधी कधी दोन वर्षांचे असते. म्हणून आधी प्रतिपिंड उतरते आणि मग प्रथिने उतरतात. उलट क्रम सहसा दिसत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंटॉर या चाचणीत १३० रुग्णांपैकी निम्म्यांना रिटुक्सिमॅब आणि निम्म्यांना सायक्लोस्पोरिन हे दुसरे औषध दिले होते. रिटुक्सिमॅब घेतलेल्यांपैकी एका वर्षानंतर १४ टक्के रुग्णांची लघवी पूर्णपणे स्वच्छ झाली होती, तर दोन वर्षांनंतर हेच प्रमाण ३५ टक्के होते. पहिल्या वर्षानंतरही गाळणी सावरत होती, हे या दोन आकड्यांमध्ये दिसते. सायक्लोस्पोरिनच्या गटात सुरुवातीची सुधारणा तितकीच दिसली, पण औषध थांबल्यावर बहुतेकांचा आजार परतला, कारण ते औषध काहिलीवर पाणी मारल्यासारखे प्रथिने लवकर कमी करते, जाळ मात्र त्या प्रमाणात विझवत नाही.

सहा महिन्यांत ९.२ वरून ४.८ म्हणजे जवळपास निम्मी घट, अल्ब्युमिनमध्ये ०.९ ची वाढ आणि क्रिएटिनिन स्थिर, हे तिन्ही मला समाधानकारक वाटते. या आजारात अल्ब्युमिनची चढती रेघ ही लघवीच्या आकड्यापेक्षा अधिक विश्वासाची असते, कारण चोवीस तासांची लघवी गोळा करताना एक वेळ जरी शेतात किंवा प्रवासात चुकली तरी आकडा बदलतो.

सुरुवातीची पातळी किती भविष्य सांगते, हेही आपण विचारले आहे. औषधाविना मेम्ब्रेनसचे पूर्वीचे गणित असे सांगितले जाई की ढोबळमानाने एक तृतीयांश रुग्ण आपोआप बरे होतात, एक तृतीयांश रुग्णांत प्रथिने जात राहतात पण मूत्रपिंड टिकते, आणि एक तृतीयांशांचे मूत्रपिंड काही वर्षांत निकामी होते. समोर बसलेला रुग्ण या तीनांपैकी कोणत्या वाटेने जाणार हे पूर्वी सहा महिने वाट पाहूनच समजत असे. पीएलए२आरच्या पातळीने त्यात खरी भर घातली. पातळी कमी असेल तर आपोआप बरे होण्याची शक्यता अधिक, पातळी जास्त असेल तर ती कमी आणि बरे व्हायला लागणारा काळही लांबतो. वर सांगितलेल्या सूचनांमध्ये ५० च्या वरची पातळी जोखमीच्या खुणांमध्ये गणली आहे. आईंची पातळी २१२ होती आणि अल्ब्युमिन १.९ होते, तेव्हा सहा महिने नुसती वाट न पाहता उपचार सुरू करणे योग्यच होते. तरीही एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो: पहिला आकडा हा फार तर इशारा असतो. उपचारानंतरच्या तीन आणि सहा महिन्यांच्या आकड्यांची दिशा त्याहून कितीतरी अधिक सांगते. २१२ वरून १६ वर आलेला रुग्ण हा ६० वरून ५५ वर रेंगाळलेल्या रुग्णापेक्षा चांगल्या वाटेवर असतो.

माझ्याकडे रुग्ण येतात तेव्हा बहुतेकांचे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत, चार प्रयोगशाळांचे, तारखांचा मेळ नसलेले असतात. मी ते टेबलावर तारखेप्रमाणे लावतो आणि वहीच्या एका पानावर चार रकाने आखतो: तारीख, प्रतिपिंड, लघवीतील प्रथिने, अल्ब्युमिन. क्रिएटिनिन समासात लिहितो. एवढे पान भरले की नातेवाईकांना वेगळे समजावण्याची गरज बहुधा उरत नाही, कारण प्रतिपिंडाचा रकाना आधी खाली उतरतो आणि दोन-तीन ओळींनंतर प्रथिनांचा रकाना त्याच्या मागून उतरतो, हे डोळ्यांना दिसते. आपणही घरी असे एक पान करावे. मात्र प्रतिपिंडाची तपासणी प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत आणि एकाच पद्धतीने करून घ्यावी. आपल्या भागातून हे नमुने सहसा पुण्या-मुंबईला पाठवले जातात, आणि कोणत्या संस्थेकडून पाठवले त्यावर पद्धत बदलू शकते. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे फसवे असते. २१२ आणि १६ यांतला फरक इतका मोठा आहे की तो पद्धतीमुळे पडला असे मी म्हणणार नाही, पण पुढच्या वेळी १६ चे २४ झाले तर हाच मुद्दा निर्णायक ठरेल.

आणि १६ म्हणजे शून्य नव्हे. सध्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एलायझा पद्धतीत १४ च्या खाली नकारात्मक, २० आणि त्यावर सकारात्मक, आणि मधला पट्टा संदिग्ध मानला जातो. आईंचा आकडा त्या मधल्या पट्ट्यात आहे. म्हणून डिसेंबरमध्ये पुन्हा तपासणी व्हायला हवी, आणि त्या वेळी तीन शक्यता असतील. आकडा १४ च्या खाली गेला आणि प्रथिने उतरत राहिली, तर काहीही नवीन औषध न देता वाट पाहावी. आकडा पुन्हा चढू लागला, तर रिटुक्सिमॅबने घालवलेल्या पेशी परत येताना जुनी सवय घेऊन आल्या आहेत असे समजावे. लघवी पुन्हा बिघडण्याच्या आधी बहुधा प्रतिपिंड वाढते, त्यामुळे डॉक्टरांना रिटुक्सिमॅब पुन्हा देण्याचा विचार करायला थोडा अवकाश मिळतो. तिसरी शक्यता अशी की प्रतिपिंड पूर्ण नाहीसे होऊन वर्ष-दीड वर्ष झाले तरी प्रथिने तीन-चार ग्रॅमवर अडून राहतात. तेव्हा गाळणीत कायमचे व्रण राहिले आहेत का हे पाहायला बायोप्सी उपयोगी पडते, आणि व्रणच असतील तर प्रतिकारशक्ती दाबणारे आणखी एक औषध देण्यात काही अर्थ नसतो, कारण विझलेल्या चुलीवर पाणी ओतून काहीच साधत नाही, संसर्गाचा धोका मात्र वाढतो. प्रतिपिंडाच्या तपासणीचा मला सर्वांत मोठा उपयोग इथेच झाला आहे: औषध कधी द्यावे यापेक्षाही कधी थांबावे हे सांगण्यासाठी.

उलट बाजूही लक्षात ठेवावी लागते. आजाराच्या अगदी सुरुवातीला प्रतिपिंडे रक्तात दिसण्याआधी गाळणीतच शोषली जातात, त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट नकारात्मक आणि बायोप्सीच्या तुकड्यावर मात्र पीएलए२आरची तपासणी सकारात्मक, असे रुग्ण भेटतात. नकारात्मक रिपोर्ट हातात आला म्हणून मेम्ब्रेनस नाही असे ठरवता येत नाही.

आता त्या पुड्यांविषयी, आणि हे मी कळकळीने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी राधानगरीकडचे एक साठीचे गृहस्थ अंगावर सूज घेऊन आले. पीएलए२आर नकारात्मक होते, बायोप्सीत मेम्ब्रेनस दिसला. कोणती औषधे घेता असे विचारल्यावर ते 'कसलीच नाही' म्हणाले. दुसऱ्या भेटीत त्यांच्या सुनेने पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेल्या करड्या रंगाच्या पुड्या काढून टेबलावर ठेवल्या. गुडघेदुखीसाठी ते त्या चार महिने मधातून घेत होते आणि त्यांना ते औषध वाटतच नव्हते. बायोप्सीच्या तुकड्यावर पुढची तपासणी केली तेव्हा एनईएलएल-१ हे दुसरे लक्ष्य सापडले. या प्रकारच्या मेम्ब्रेनसचा संबंध काही रुग्णांत कर्करोगाशी असतो, म्हणून तो शोधावा लागतो; आणि दक्षिण भारतातल्या डॉक्टरांनी गेल्या काही वर्षांत दाखवून दिले आहे की पारा असलेली पारंपरिक औषधे आणि पारा असलेली गोरेपणाची क्रीमे यांच्या वापरानंतरही हाच प्रकार होतो. या गृहस्थांना आम्ही कोणतेही जहाल औषध दिले नाही. पुड्या बंद केल्या, सूज उतरवणारी आणि रक्तदाबाची औषधे दिली, आणि पुढच्या आठ-नऊ महिन्यांत प्रथिने जाणे थांबले. या प्रकारात भवितव्य सांगणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कारण सापडले आणि बंद झाले की नाही ही आहे. आपल्या आईंचा प्रकार वेगळा आहे, पण सावरू लागलेल्या गाळणीवर घटक माहीत नसलेली पुडी टाकणे म्हणजे सहा महिन्यांची कमाई पणाला लावणे आहे. सुचवणाऱ्याचा हेतू चांगला असेल. तरीही ती पुडी घरात आणू नये.

मावशीच्या मुलीकडे वळतो. ल्युपसमध्ये शरीर एकाच प्रथिनाविरुद्ध नव्हे तर पेशीच्या केंद्रकातल्या अनेक घटकांविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, आणि डीएसडीएनए हे त्यांतले मूत्रपिंडाशी सर्वांत जवळचे नाते असलेले प्रतिपिंड आहे. हे प्रतिपिंड चढत असेल आणि त्याच वेळी रक्तातील सी३ व सी४ ही कॉम्प्लिमेंट यंत्रणेची प्रथिने उतरत असतील, तर येत्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार उसळण्याची शक्यता वाढते. पण ती शक्यता आहे, निश्चिती नाही. कित्येक रुग्णांचे डीएसडीएनए वर्षानुवर्षे वाढलेले राहते, सी३ किंचित कमी राहतो, आणि लघवी, रक्तदाब व क्रिएटिनिन सर्व उत्तम असते. अशा रुग्णाचे औषध केवळ रक्ताच्या रिपोर्टावरून वाढवायचे नसते. तिला अधिक वेळा तपासायचे असते. सी१क्यूविरुद्धचे प्रतिपिंड मूत्रपिंडाच्या सक्रिय आजाराशी आणखी घट्ट जोडलेले आहे, परंतु ते सगळीकडे तपासले जात नाही. एएनए ही केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी निदानापुरती असते. ती एकदा सकारात्मक आली की दर तीन महिन्यांनी पुन्हा करण्यात रुग्णाचे पैसे जाण्यापलीकडे काही होत नाही, आणि तरीही ती पुन्हापुन्हा लिहिलेली दिसते याचे मला वाईट वाटते.

या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत इचलकरंजीहून येणारी एक ल्युपसची मुलगी होती. लघवी स्वच्छ, पण डीएसडीएनए प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाढलेले. मला त्या आकड्याची धास्ती वाटू लागली आणि लक्षणे नसताना मी तिचे स्टिरॉइड दुपटीने वाढवले. तीन महिन्यांनी ती संध्याकाळचा ताप आणि खोकला घेऊन आली. क्षयरोग झाला होता. ती त्यातून बरी झाली, पण ते वर्ष तिच्या आयुष्यातून गेले, आणि ज्या मूत्रपिंडासाठी मी औषध वाढवले होते त्याला त्या काळात काहीही झालेले नव्हते. तेव्हापासून ल्युपसमध्ये रक्तातल्या प्रतिपिंडावर एकट्याने मी कधीही औषध ठरवले नाही. मावशीच्या मुलीचे डॉक्टर तेच करत आहेत. त्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी लघवीतील प्रथिने-क्रिएटिनिन गुणोत्तर, लघवीतल्या तांबड्या पेशी, सी३-सी४ आणि रक्तदाब पाहिला, तर बदल वेळेवर लक्षात येईल.

ल्युपसमध्ये मूत्रपिंडाचे दीर्घकाळचे भवितव्य सर्वांत चांगले काय सांगते असे विचाराल, तर उपचार सुरू केल्यापासून बारा महिन्यांनी लघवीतून किती प्रथिने जातात हे. ती दिवसाला साधारण ०.७ ते ०.८ ग्रॅमच्या खाली आली असतील, तर पुढच्या अनेक वर्षांचे चित्र आशादायक असते, आणि यासाठी कोणत्याही महागड्या तपासणीची गरज नसते. त्याखालोखाल बायोप्सीतल्या व्रणांचे प्रमाण, आणि माझ्या अनुभवात तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोळ्यांचा नियमितपणा. 'आता बरे आहे' म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपसची गोळी मध्येच सोडलेल्या मुली आजार उसळून परत येताना मी अनेकदा पाहिल्या आहेत. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवून आणि ठरल्या वेळी डोळे तपासून ही गोळी वर्षानुवर्षे चालू ठेवता येते.

तिच्या बाबतीत दोन प्रतिपिंडे मात्र आजच तपासून ठेवावीत, कारण वय २४ आहे आणि घरात लग्नाचा विषय निघालेला असणार. पहिली अँटीफॉस्फोलिपिड गटातली. ती असतील तर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि गर्भपाताचा धोका वाढतो, आणि एकदा सकारात्मक आली तर किमान बारा आठवड्यांनी पुन्हा तपासून खात्री करावी लागते. दुसरे अँटी-आरओ. ते असलेल्या मातांच्या शंभर बाळांपैकी एखाद-दुसऱ्या बाळाच्या हृदयाची गती पोटातच मंदावू शकते, म्हणून गरोदरपणात सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करत राहावे लागते. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू असेल तर दिवस राहण्यापूर्वी किमान सहा आठवडे ते बदलावे लागते, आणि आजार निदान सहा महिने शांत असावा लागतो. लग्न करू नये असा याचा अर्थ मुळीच नाही. या मुली आई होतात, सुखरूप होतात. फक्त ते ठरवून करावे लागते आणि सासरच्यांपासून आजार लपवून ते साधत नाही.

आपण पत्रात एएनसीए या प्रतिपिंडाचाही उल्लेख केला आहे, कारण ते आईंच्या तपासण्यांच्या यादीत होते. आईंचे ते नकारात्मक आहे, तेव्हा त्यांच्यापुरता विषय संपला. पण प्रतिपिंडाची जात म्हणजे काय हे त्यावरून चांगले समजते. बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या या आजारात पीआर३ आणि एमपीओ अशी दोन प्रकारची प्रतिपिंडे असतात. पीआर३ असलेल्या रुग्णांत आजार परतण्याचे प्रमाण जास्त असते. एमपीओ असलेले रुग्ण अनेकदा उशिरा, मूत्रपिंडात बरेच व्रण झाल्यावर समोर येतात. त्यामुळे पीआर३ दिसले की देखभालीचे औषध अधिक काळ चालू ठेवण्याकडे कल असतो. पातळी वर-खाली होणे मात्र इथे तितके निर्णायक नाही. नुसती पातळी वाढली म्हणून उपचार बदलू नयेत, लघवीवर आणि लक्षणांवर अधिक बारीक नजर ठेवावी, एवढाच त्याचा अर्थ. आणि पहिल्या बायोप्सीत किती गाळण्या शाबूत आहेत, ही मोजणी कोणत्याही प्रतिपिंडापेक्षा मूत्रपिंडाचे भवितव्य अधिक खरे सांगते.

अँटी-जीबीएम हा आजार दुर्मीळ आहे, पण त्यात वेळेचे मोल सर्वांत जास्त आहे. गाळणीच्या पडद्यातल्या कोलॅजेनविरुद्धचे हे प्रतिपिंड काही दिवसांत ते काही आठवड्यांत मूत्रपिंड बंद पाडते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाने २००१ मध्ये आपल्या ७१ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. उपचार सुरू करताना क्रिएटिनिन सुमारे ५.७ च्या खाली असलेल्यांपैकी ९५ टक्के रुग्णांचे मूत्रपिंड वर्षानंतर काम करत होते. ज्यांना आल्याआल्या डायलिसिस लागले त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के होते. प्रतिपिंड दोन्ही गटांत होतेच. फरक रुग्ण कधी पोहोचला याचा होता. म्हणून कोणाचीही लघवी कोऱ्या चहासारखी होऊन कमी होऊ लागली आणि क्रिएटिनिन आठवड्यात दुप्पट झाले, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

आयजीए नेफ्रोपॅथी या गाळण्यांच्या आणखी एका आजारातही प्रतिपिंडांचा वाटा आहे, पण ती मोजून रोजच्या कामात निर्णय घ्यावा अशी तपासणी अजून हाताशी नाही; तिथे लघवीतील प्रथिने, रक्तदाब आणि बायोप्सी यांच्यावरच भिस्त आहे. मुलांच्या नेफ्रॉटिक आजारात, म्हणजे लघवीतून प्रथिने जाऊन अंगावर सूज येण्याच्या आजारात, मात्र मोठी घडामोड झाली आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, सक्रिय आजार असून अजून औषधे सुरू न झालेल्या मुलांपैकी ९० टक्क्यांच्या रक्तात नेफ्रिन या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड आढळले. ज्या आजाराला आपण इतकी वर्षे अज्ञात कारणाचा म्हणत होतो, त्याचे कारण इतक्या मुलांत एकदम दिसावे, याचा मला मनापासून आनंद झाला. ही तपासणी सर्वसाधारण प्रयोगशाळांत मिळू लागेल तेव्हा स्टिरॉइड कधी कमी करायचे हे ठरवणे कदाचित सोपे होईल.

आईंसाठी डिसेंबरपर्यंत करायच्या गोष्टी लिहितो. रक्तदाबाची आणि प्रथिने कमी करणारी जी गोळी चालू असेल ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. फक्त जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी त्यांना फोन करावा. मीठ दिवसभरात सर्व मिळून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. आपल्याकडच्या जेवणात हे अवघड आहे याची मला कल्पना आहे, पण रस्सा, खर्डा, लोणचे आणि पापड यांतले मीठ मोजले नाही तर सूज उतरवणाऱ्या गोळीचा निम्मा परिणाम वाया जातो. गुडघेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळी आणू नये. अल्ब्युमिन २.५ च्या खाली असताना या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. आईंचे आता २.८ झाले आहे ही चांगली गोष्ट आहे, तरीही एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, कमरेत एका बाजूला तीव्र कळ आली किंवा एकाएकी धाप लागली, तर रात्र असली तरी थांबू नये. रिटुक्सिमॅबनंतर ताप हा साधा ताप समजू नये. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करून ते कॅलेंडरवर लिहावे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रक्त देताना सप्टेंबरची पावती सोबत न्यावी आणि नमुना त्याच प्रयोगशाळेकडे जाईल असे सांगावे. लघवी सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा अशी गोळा करावी: पहिल्या दिवशीची सहाची टाकून द्यावी, दुसऱ्या दिवशीची सहाची भांड्यात घ्यावी. चारही रकाने भरलेले ते पान, आणि पुड्या आधीच घरात आल्या असतील तर त्याही, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवाव्यात.